रक्ताच्या थेंबावरून चेहरा: विज्ञान किती, अंदाज किती?

मागच्या महिन्यात बीपी तपासायला आलेल्या एका काकांनी दंडाला पट्टा बांधलेला असतानाच विचारलं, "डॉक्टर, आता म्हणे रक्ताच्या थेंबावरून गुन्हेगाराचा चेहरा काढता येतो. मग आपले पोलीस का काढत नाहीत?" काका निवृत्त बँक अधिकारी. रात्री जागून गुन्ह्यांच्या मालिका बघतात. बीपी त्यामुळेही वाढतं, हे मी त्यांना सांगून थकलो आहे. "काका, आधी गप्प बसा, रीडिंग चुकेल," म्हणालो. रीडिंग आलं १५०/९०. मग जे बोलणं झालं ते बाहेर बसलेल्या पेशंटांची क्षमा मागावी लागेल इतकं लांबलं, आणि तरी अर्धवटच राहिलं. ते इथे पूर्ण करतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचताना कोड्यात राहावं लागणार नाही. गुन्ह्याच्या तपासात डीएनएची जुळवणी हवीच. पण डीएनएवरून माणूस कसा दिसत असेल याचं भाकीत करून त्या भाकितावर संशयित शोधायला निघणं, हे आपल्या राज्यात तरी आज करू नये. यात धोका गुन्हेगाराच्या गोपनीयतेला कमी आहे. ज्यांनी काहीच केलेलं नाही अशा लोकांना जास्त आहे.

जुळवणी वेगळी, भाकीत वेगळं

बातम्यांमध्ये ज्याला आपण 'डीएनए टेस्ट' म्हणतो ती बहुतेक वेळा जुळवणी असते. आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तुमच्यात तो एका जागी ११ वेळा येत असेल, माझ्यात १४ वेळा. अशा वीसेक जागा मोजल्या की आकड्यांची एक यादी तयार होते. जुळ्या भावंडांचा अपवाद सोडला तर ती यादी दुसऱ्या कुणाशी तंतोतंत जुळणं जवळपास अशक्य. पण ही यादी वाचून तुम्ही गोरे की सावळे, उंच की बुटके, हे कळत नाही. घटनास्थळी सापडलेला नमुना या माणसाचा आहे की नाही, एवढंच ती सांगते.

पुणेकरांना याचं ताजं उदाहरण सांगायला नको. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला. नंतर अल्पवयीन चालकाचा ससूनमध्ये घेतलेला रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. तो नमुना त्या मुलाचा नाहीच, हे पोलिसांनी सांगितलं ते डीएनए जुळवणीच्या जोरावर. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मला दाखवायचं आहे ते इतकंच, की 'हे रक्त कुणाचं?' या प्रश्नाला डीएनए चोख उत्तर देतो.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली ही पद्धत शोधली. खुनाच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा तिने आधी एका निर्दोष मुलाला सोडवलं. १७ वर्षांच्या त्या मुलाने पोलिसांपुढे एका खुनाची कबुलीसुद्धा दिली होती. डीएनए म्हणाला, हा नव्हे. खरा गुन्हेगार नंतर सापडला. मला ही पद्धत आवडते ती यासाठी. तिच्यापुढे कबुलीजबाबाचंही काही चालत नाही.

भाकितात डीएनएच्या वेगळ्या जागा वाचतात. डोळ्यांच्या, केसांच्या आणि त्वचेच्या रंगाशी संबंध असलेल्या. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या मदतीने तयार केलेली 'हायरिसप्लेक्स-एस' ही यातली नावाजलेली चाचणी. ती ४१ जागा वाचते आणि उत्तर देते ते शक्यतेच्या भाषेत: डोळे तपकिरी असण्याची शक्यता इतके टक्के, केस काळे असण्याची इतके टक्के. हवामान खात्याच्या अंदाजासारखं. फरक एवढाच की हवामान खात्याचा अंदाज चुकला तर आपण फार तर भिजतो.

आता ही चाचणी आपल्याकडे लावून बघू. उत्तर काय येईल? डोळे तपकिरी, केस काळे, त्वचा गव्हाळ ते सावळी. हे वर्णन घेऊन शनिवारवाड्यासमोर उभे राहा आणि समोरून येणाऱ्यांतला एकतरी वगळून दाखवा. युरोपात निळे डोळे, लाल केस असे ठळक फरक आहेत. तिथल्या गरजेपोटी तयार झालेलं हे शास्त्र आपल्या गर्दीत बोथट होतं.

काका लगेच म्हणाले, "आमच्यात घारे डोळे असतात की." (काका कोकणस्थ आहेत, हे ओघाने आलंच.) गंमत अशी की गडद तपकिरी आणि स्वच्छ निळा ही दोन टोकं या चाचणीला चांगली ओळखता येतात, मधले घारे, हिरवट, करडे डोळे मात्र तिला सर्वात कमी जमतात. म्हणजे जिथे उपयोग झाला असता नेमकं तिथेच ती अडखळते.

त्वचेच्या रंगाचं तर विचारूच नका. एसएलसी२४ए५ नावाचं एक जनुक आहे. त्यातलं एक अक्षर बदललं की रंग उजळतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांमध्ये या जनुकाचा अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. हा बदल देशभर कमी-अधिक प्रमाणात विखुरलेला आहे, पण माणसामाणसांतल्या रंगाच्या फरकाचा साधारण पाव हिस्साच त्यावरून उलगडतो. उरलेलं काम इतर जनुकं करतात आणि ऊन करतं. रोज दुचाकीवर डोक्यापासून हातापर्यंत स्कार्फ गुंडाळून जाणारी पुण्यातली मुलगी आणि तिची शेतात काम करणारी सख्खी बहीण, दोघींची जनुकं कितीही सारखी असली तरी रंग सारखा राहील का?

उंचीचंही तसंच. २०२२ साली 'नेचर'मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. उंचीशी संबंध असलेल्या डीएनएच्या १२ हजारांहून जास्त जागा त्यात सापडल्या. त्या सगळ्या मिळून युरोपीय वंशाच्या लोकांमधला उंचीचा फरक ४० टक्क्यांपर्यंत सांगतात, इतरांमध्ये फक्त १० ते २० टक्के. एका रंगीत केसांच्या जनुकावरून पूर्ण चेहऱ्यावर उडी मारणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत. नाक, जबडा, कपाळ यांची गणितं उंचीहून सोपी नाहीत.

मग परदेशात ते चेहरे छापतात कसे? कॅनडातल्या एडमंटन शहराच्या पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये एका लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात असं चित्र प्रसिद्ध केलं. एका अमेरिकन कंपनीने डीएनएवरून बनवलेलं, एका कृष्णवर्णीय तरुणाचं. पण चित्रातलं वय २५ होतं ते कंपनीच्या ठरलेल्या पद्धतीमुळे. खरं वय डीएनएवरून त्यांना कळलं नव्हतं. शरीराचा बांधाही तसाच ठरावीक धरलेला. म्हणजे ते चित्र होतं एका कल्पित, सरासरी कृष्णवर्णीय तरुणाचं, आणि शहरातल्या प्रत्येक कृष्णवर्णीय तरुणाशी ते थोडंथोडं जुळत होतं. टीका झाल्यावर दोन दिवसांत पोलिसांनी ते काढून घेतलं आणि एका संपूर्ण समाजावर संशय येऊ शकतो हे मान्य करून माफी मागितली.

ते चित्र मी पाहिलं तेव्हा मला आमच्या कॉलेजातल्या ॲनाटॉमीच्या पुस्तकातली आकृती आठवली. त्यातला माणूस सगळ्यांसारखा असतो आणि म्हणून कुणीच नसतो.

संशय कुणाकडे जातो?

याहून बोलकी गोष्ट जर्मनीतली आहे. २००७ मध्ये हाइलब्रॉन गावात एका पोलीस महिलेचा खून झाला. गाडीवर सापडलेला डीएनए एका अनोळखी बाईचा निघाला. तोच डीएनए चाळीसेक घटनास्थळांवर, घरफोडीपासून खुनापर्यंत, देशादेशांत सापडत गेला. तिचं मूळ पूर्व युरोपातलं असावं असंही विश्लेषणातून निघालं. झालं, संशय वळला तो भटक्या रोमा लोकांकडे. २००९ मध्ये कळलं की ती बाई म्हणजे नमुने घ्यायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात भरले जात तिथली एक कामगार होती. तिचा डीएनए बोळ्यांबरोबरच सगळीकडे फिरत होता! खुनाचा धागा पुढे, २०११ मध्ये, एका नवनाझी टोळीपर्यंत पोचला.

यात प्रयोगशाळा चुकली का? तिने सांगितलं ते बरोबरच होतं. डीएनए खरोखर त्या बाईचा होता. चुकले ते नमुना घेण्याचे आणि त्यावरून निष्कर्ष काढण्याचे टप्पे. मी रेसिडेंट असताना एका सरकारी रुग्णालयात (नाव नको) मेडिको-लीगल केसचे नमुने लाखेचं सील लावून ठेवायचो आणि ते न्यायला हवालदार कधी संध्याकाळी, कधी तिसऱ्या दिवशी यायचा. एकदा दोन पाकिटांवरची लेबलं अदलाबदल झालेली माझ्याच लक्षात आली, तीही योगायोगाने. त्या रात्रीपासून 'रिपोर्ट आहे म्हणजे खरंच असणार' हे वाक्य मी मनातून काढून टाकलं आहे. जुळवणीत अशी चूक झाली तर निदान आरोपीचा वकील पुन्हा नमुना घ्या म्हणू शकतो. भाकितात पुन्हा तपासायला समोर कुणी माणूसच नसतो.

आणि हे रोमा लोक मूळचे कुठले? भाषा आणि डीएनए या दोन्हींच्या अभ्यासकांचं मत आहे की वायव्य भारतातले. हजारेक वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेले. संशय मात्र त्यांच्या सोबत राहिला. आपल्याकडे राहिलेल्या भटक्यांचं काय झालं, ते आता सांगतो.

माझ्याकडे अधूनमधून एक पारधी समाजाचा माणूस येतो. शहराच्या कडेला पालावर राहतो, भंगार गोळा करतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एकदा तो १०२ ताप घेऊन आला. मी औषधं लिहिली. तो म्हणाला, "डाक्टर, कागुद बी द्या, तारीख घालून."

"सुट्टीसाठी हवाय का?"

"सुट्टी कसली. रातच्याला गाडी आली तर दाखवाया."

जवळपास कुठे चोरी झाली की पालावर पोलिसांची गाडी येते, आणि त्या रात्री आपण कुठे होतो याचा पुरावा त्याला खिशात लागतो. मी त्या दिवशी त्याला तपासलं आणि त्याला ताप होता, इतकंच मी लिहून देऊ शकलो. रात्री तो कुठे होता हे मला कसं ठाऊक असणार? तरी त्याने कागद नीट घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला.

या संशयाला इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावल्याशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणाआड राहायचं. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण तिथल्या जुन्या लोकांना आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, सवय राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितला, आणि विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये हे पाहण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी हे सांगावं लागलं.

आता विचार करा. नोंदवहीतून जो रकाना न्यायालयाने खोडला तोच प्रयोगशाळेतून टाइप होऊन परत आला तर? कारण रंगरूपाबरोबर पूर्वज कुठल्या गटातले असावेत याचाही अंदाज डीएनएवरून बांधतात. आपल्याकडे शतकानुशतकं जातीतच लग्नं झाली, त्यामुळे त्या अंदाजाला बारीक गट दिसू शकतात. मघाचे काका इथे थोडे गप्प झाले. मी त्यांना म्हटलं, उद्या रिपोर्टमध्ये गोरा, घारा, कोकणस्थ असावा असं आलं तर तपासासाठी सदाशिव पेठेत फार तर फोन जाईल. रिपोर्टमध्ये पारधी असावा असं आलं तर पालावर गाडी जाईल. चाचणी एकच, रिपोर्टचा कागदही एकच.

पुण्याला या बाबतीत एक चांगली परंपरा आहे. इरावती कर्वे १९२७ मध्ये बर्लिनला गेल्या, तिथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांची मोजमापं घेतली. वंशावंशांत उच्चनीच शोधणारी ती संस्था होती. कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल वंशानुसार बदलत नाही, असा निष्कर्ष बाईंनी त्याच संस्थेत बसून मांडला. पुढे डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला, माणसं मोजली, पण मोजण्यातून कुणाला गुन्हेगार ठरवलं नाही. मोजण्याला माझा विरोध नाहीच. मोजमाप कुणाच्या हातात आणि कशासाठी जातं, हा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

इथे मी डॉक्टर म्हणून नाही, वर्तमानपत्र वाचणारा नागरिक म्हणून लिहितो आहे. २०१९ मध्ये डीएनए तंत्रज्ञान विधेयक लोकसभेत आलं. संसदीय स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला आणि डीएनएमधून त्वचेचा रंग, वंशावळ, आजार अशी अतिशय खाजगी माहिती बाहेर येऊ शकते, ही भीती निराधार नाही असं नोंदवलं. जुलै २०२३ मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. दरम्यान २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्यात अटक झालेल्यांचे 'जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण' घेण्याची मुभा आहे आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. विश्लेषण म्हणजे नेमकं कोणतं, नुसती जुळवणी की रंग, रूप, जमातही, हे त्यात लिहिलेलं नाही. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात गुन्ह्याच्या तपासाला बहुतेक बंधनांतून सूट आहे. आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगून ठेवलंय की गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, उद्देश योग्य हवा आणि हस्तक्षेप गरजेपुरताच हवा. चेहऱ्याच्या भाकिताबाबत यातली पहिलीच अट आज पुरी होत नाही. जर्मनीने २०१९ मध्ये कायदा करून डोळे, केस, त्वचेचा रंग आणि वय यांच्या भाकिताला परवानगी दिली, पण पूर्वज कुठले हे शोधण्याला दिली नाही. सीमा आखता येते ती अशी.

विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार उदाहरणही सांगायला हवं. १९९९ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रीसलंड भागात एका १६ वर्षांच्या मुलीचा खून झाला. लोकांनी जवळच्या छावणीतल्या परदेशी निर्वासितांवर संशय घेतला. डीएनएच्या विश्लेषणाने सांगितलं, गुन्हेगार पश्चिम युरोपीय वंशाचा दिसतो. छावणीतल्या लोकांवरचं मळभ त्यामुळे निवळायला मदत झाली. २०१२ मध्ये परिसरातल्या हजारो पुरुषांनी स्वेच्छेने नमुने दिले, त्यात एका स्थानिक शेतकऱ्याचा नमुना जुळला. भाकिताने इथे दुबळ्या गटाला वाचवलं, हे मला मान्य आहे. पण नीट बघा, बोट बहुसंख्याकांकडे वळलं म्हणून कुणा एका गटाच्या दारावर लाथ बसली नाही; हजारो लोकांना विनंतीपत्रं गेली. बोट उलट्या दिशेला, त्या छावणीकडे वळलं असतं तर विनंतीपत्रं गेली असती का? आणि शेवटी गुन्हेगार पकडला तो जुळवणीनेच.

एका ठिकाणी मात्र मी भाकिताच्या बाजूने आहे. रेल्वे रुळांवर, नदीपात्रात, दरडीखाली सापडणारी अनोळखी प्रेतं. तिथे संशय कुणावर येत नाही आणि एखाद्या घरचं वाट पाहणं संपतं. हाडांवरून किंवा डीएनएवरून लिंग, अंदाजे वय, रंग यांची थोडी कल्पना आली तर बेपत्ता लोकांच्या यादीत शोध कमी करता येतो, आणि खात्री पुन्हा नातेवाइकांच्या डीएनए जुळवणीनेच होते.

"मी काही केलेलं नाही, मग मला काय भीती?" काकांचा हा शेवटचा प्रश्न होता, आणि बहुतेक वाचकांचाही तोच असेल. डीएनए तुमचा एकट्याचा नसतो. तुमच्या सख्ख्या भावंडाशी तो साधारण निम्मा जुळतो, चुलत भावंडाशी आठवा हिस्सा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या खुनांतला आरोपी सापडला तो कुणा दूरच्या नातेवाइकाने वंशावळीच्या वेबसाइटवर हौसेने टाकलेल्या डीएनएवरून. गुन्हेगार सापडला, चांगलंच झालं. पण त्या नातेवाइकाला कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. थुंकी नळीत भरून पाठवलेली पूर्वजांची हौस कुणाच्या मालकीची, हा प्रश्न मग ग्राहकांना पडला. आपल्याकडेही मुलं परदेशातून असे किट भेट म्हणून आणतात. कृपया ते वापरण्याआधी घरातल्या इतरांना विचारा, कारण नमुना त्यांचाही जातो आहे.

नेहमीच्या रक्ततपासणीची मात्र भीती बाळगू नका. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांच्या नमुन्यांचा डीएनए कुणी वाचत नाही. कॅन्सरसाठी किंवा थॅलेसेमिया, सिकलसेलसाठी जनुकीय तपासणी सांगितली असेल तर ती जरूर करा; फक्त संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. तपासणीनंतर नमुना किती दिवस ठेवणार, माहिती संशोधनाला किंवा दुसऱ्या कंपनीला देणार का, आणि नको असेल तर काढून टाकता येईल का. लॅबचा माणूस गोंधळला तर तुमच्या डॉक्टरांना विचारा.

डीएनएचं नवं विधेयक कधीतरी येईलच. त्यावर लोकांच्या सूचना मागवल्या तर मी पाठवणार आहे ती एकच: 'विश्लेषण' या शब्दाची व्याख्या करा, त्यात जुळवणी लिहा, आणि जात-जमात सुचवणारं कोणतंही भाकीत पोलिसांच्या कागदावर येणार नाही असं स्पष्ट शब्दांत लिहा. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मसुदा करून द्या, मीही सही करतो." पुढच्या महिन्यात बीपीला येतील तेव्हा तयार ठेवायचा आहे.